उंदराची साक्ष

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यात, मोझरी हे गाव आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. तेव्हापासून हे गाव गुरुकुंज मोझरी या नावाने सर्वत्र ओळखले जाऊ लागले. खंजिरीच्या तालावर भजने गात गावोगाव हिंडलेल्या या संताला आयुष्याच्या अखेरीस कर्करोगाने गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी गुरुकुंजातच देह ठेवला. आजही त्यांच्या पुण्यतिथी-महोत्सवात लाखोंचा समुदाय ठरलेल्या घटकेला स्तब्ध राहतो आणि त्यांना मौन श्रद्धांजली वाहतो.

त्या समुदायात असे अनेक जण असतात, की ज्यांच्या घरातील एखादे माणूस याच रोगाने हिरावून नेलेले असते. देवीच्या रोगावर लस निघाली आणि तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला. पोलिओवर लस निघाली आणि भारतातून तो हद्दपार झाला. मग कर्करोगावरच तशी लस का निघत नाही, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला तर त्यात नवल नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे खर्ची पडली आहेत. आणि या दीर्घ शोधात त्यांना सर्वांत अधिक साथ दिली आहे, ती तळहातावर मावणाऱ्या एका पांढऱ्या उंदराने.

हा शोध समजून घेण्यासाठी प्रथम रोगाचे स्वरूप पाहिले पाहिजे. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी झिजतात, नव्या निर्माण होतात, आणि हे सर्व शिस्तीने चालते. कधी एखाद्या पेशीतील आनुवंशिक सूचनांत बिघाड होतो आणि ती शिस्त मोडून भराभर वाढू लागते. तिच्यापासून तशाच बेशिस्त पेशींची गाठ तयार होते. हाच कर्करोग होय. म्हणजे देवीच्या विषाणूप्रमाणे हा शत्रू बाहेरून आलेला नसतो. तो आपल्याच शरीरात जन्मलेला असतो.

रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात. परंतु येथे त्यांची मोठी अडचण होते. रात्री शेतात जागल करणाऱ्या माणसाची कल्पना करा. रानडुकरे कुंपण मोडून शिरली, तर तो लगेच हाकारा घालतो. पण घरचाच बैल दावे तोडून पिकात शिरला, तर अंधारात त्याचा आकार ओळखीचा वाटून त्याला धोका चटकन जाणवत नाही. कर्कपेशीच्या बाबतीत शरीराच्या रक्षकांचे असेच होते. ती घरचीच असल्यामुळे तिच्याविषयी त्यांना संशय येत नाही.

गर्भाशयमुखाचा किंवा यकृताचा कर्करोग पुष्कळदा विशिष्ट विषाणूंमुळे होतो. अशा विषाणूंना रोखणाऱ्या लसी आज उपलब्ध आहेत, आणि त्या वेळेवर घेतल्यास तो धोका पुष्कळच कमी होतो. पण विषाणूंशी संबंध नसलेल्या कर्करोगांचे काय? आणि रोग झाल्यानंतर काय? त्यासाठी शास्त्रज्ञांनी वेगळी कल्पना लढविली. गाठीतील पेशीच घ्याव्यात, क्ष-किरणांसारख्या प्रखर किरणांनी त्यांची वाढण्याची शक्ती नष्ट करावी, आणि मग त्या लस म्हणून टोचाव्यात. वाढू न शकणाऱ्या या पेशींवरून रक्षकांनी शत्रूची खूण शिकावी, आणि मग शरीरातील जिवंत कर्कपेशी हुडकून माराव्यात. हीच पेशींपासून बनविलेल्या लसीची मूळ कल्पना होय.

कल्पना कितीही सुंदर असली, तरी ती प्रथम आजारी माणसावर आजमावून पाहणे योग्य नव्हे. ती निरुपयोगी ठरू शकते, इतकेच नव्हे, तर अपायकारकही ठरू शकते. म्हणून तिची परीक्षा आधी प्राण्यांवर घेतली जाते. उंदीर हा त्यासाठी सोयीचा प्राणी आहे. त्याचे वजन वीस ते तीस ग्रॅम भरते, आयुष्य सुमारे दोन वर्षांचे असते, आणि मादीला सुमारे तीन आठवड्यांत पिले होतात. मुख्य म्हणजे त्याच्या शरीरातील रक्षकपेशींची व्यवस्था बऱ्याच अंशी माणसाच्या व्यवस्थेसारखी आहे.

तथापि उंदराची साक्ष घेणे वाटते तितके सोपे नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शास्त्रज्ञांना याचा कडू अनुभव आला. डेन्मार्कमधील कार्ल जेन्सन या पशुवैद्याने एका उंदराची गाठ काढून दुसऱ्या उंदरात वाढवून दाखविली. त्याने आपले हे काम १९०३ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांतून असे प्रयोग होऊ लागले. तेव्हा एक आश्चर्य दिसले. ज्या उंदरांना आधी गाठीच्या पेशी टोचलेल्या असत, त्यांच्यात नंतर घातलेली गाठ पुष्कळदा रुजत नसे. कर्करोगाची लस जवळ आली, असे अनेकांना वाटले.

पण हा आनंद टिकला नाही. पुढे असे ध्यानात आले, की गाठीऐवजी दुसऱ्या उंदराच्या निरोगी पेशी आधी टोचल्या, तरी परिणाम तोच होतो. म्हणजे त्या उंदरांचे शरीर कर्करोगाला नाकारत नव्हते. ते केवळ परक्या उंदराच्या मांसाला नाकारत होते. एकाची त्वचा दुसऱ्याला लावली तर शरीर ती टिकू देत नाही, त्यातलाच हा प्रकार होता. उंदराने खोटी साक्ष दिली नव्हती. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

योग्य प्रश्न विचारायचा, तर एकमेकांना परके न वाटणारे उंदीर हवे होते. अमेरिकेतील क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ साली त्या दिशेने काम आरंभिले. सख्ख्या भावाबहिणींची जोडी लावून पिढ्यामागून पिढ्या उंदीर वाढवावयाचे, हा तो मार्ग. अशा वीस पिढ्या झाल्या, म्हणजे त्या वंशातील उंदीर जुळ्या भावंडांसारखे जवळजवळ सारखे होतात. यालाच शुद्ध वंश म्हणतात. अशा वंशात एका उंदराची त्वचा दुसऱ्याला लावली तरी ती टिकते.

या शुद्ध वंशाच्या आधाराने १९५७ साली रिचमंड प्रेन आणि जोन मेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका रसायनाच्या साहाय्याने त्यांनी उंदरांत गाठी निर्माण केल्या. त्या गाठी वाढवून, मग कापून काढल्यावर, त्याच गाठीच्या पेशी त्यांनी पुन्हा टोचल्या. आता त्या उंदरांनी गाठ नाकारली. परंतु मागील चूक पुन्हा होऊ नये, म्हणून त्यांनी आणखी एक कसोटी लावली. ज्या उंदरात ती गाठ मुळात झाली होती, त्याची त्वचा त्यांनी या उंदरांना लावली. ती त्वचा मात्र त्यांनी आनंदाने स्वीकारली! याचा अर्थ स्पष्ट होता. मांस परके नव्हते. तरीही गाठ नाकारली गेली. कर्कपेशीवर निराळी खूण असते आणि शरीर ती ओळखू शकते, हे या साक्षीने सिद्ध झाले. १९६० साली स्वीडनमधील जॉर्ज क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट आणखी पक्की केली. उंदराला त्याच्याच शरीरात झालेल्या गाठीशी लढावयास शिकविता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

मात्र या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली. एका गाठीविरुद्ध शिकलेले रक्षक दुसऱ्या गाठीला बहुधा ओळखत नसत. प्रत्येक गाठीची खूण निराळी! देवीची एकच लस सर्वांना चालली, तशी कर्करोगाची एकच लस का चालत नाही, याचे उत्तर येथे सापडते.

जगात हे काम चालले असता महाराष्ट्रही मागे नव्हता. मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली एका तरुण संशोधिकेने काम आरंभिले. त्यांचे नाव कमल रणदिवे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमलाबाईंना वडिलांनी डॉक्टर होण्याचा आग्रह केला होता. पण त्यांचा ओढा जीवशास्त्राकडे होता. १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या आत्मसात केली. परत आल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. भारतात अशी सोय प्रथमच होत होती.

कमलाबाईंचे उंदरांवरील काम विशेष मोलाचे ठरले. स्तनांचा कर्करोग ज्यांच्यात सहज उद्भवतो, असा उंदरांचा वंश त्या केंद्रात वाढविण्यात आला. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी वंश म्हणतात. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा या रोगाशी कसा संबंध येतो, याचा अभ्यास त्यांनी अशा उंदरांच्या साहाय्याने केला. रोग कसा जन्मतो हे कळल्याखेरीज त्यावरील उपायाची परीक्षा घेता येत नाही; ते मूलभूत काम आपल्या देशात या मराठी संशोधिकेने केले. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. २००१ साली त्यांचे निधन झाले. गुरुकुंजात तुकडोजी महाराजांची प्राणज्योत मालवली, त्या काळातही परळच्या त्या प्रयोगशाळेत हे काम अखंड चालू होते. पण त्याचे फळ रुग्णाच्या हाती पडण्याचा दिवस अजून दूर होता.

आता एखाद्या नव्या लसीची परीक्षा उंदरांवर कशी घेतात, ते पाहू. शेतकरी कपाशीचे नवे वाण एकदम सर्व शेतात पेरीत नाही. काही ओळी नव्या वाणाच्या आणि शेजारीच काही ओळी जुन्या वाणाच्या पेरून तो दोन्हींची तुलना करतो. जमीन तीच, पाऊस तोच. म्हणून जो फरक दिसेल तो वाणाचाच. शास्त्रज्ञही तसेच करतात. एकाच शुद्ध वंशाचे, एकाच वयाचे उंदीर घेऊन चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे गट पाडतात. एका गटाला खरी लस मिळते. दुसऱ्याला केवळ मिठाचे पाणी टोचतात. तिसऱ्याला निराळ्याच पेशी देतात, म्हणजे कोणत्याही पेशी टोचल्याने काही परिणाम होतो काय, हेही कळते. काही दिवसांनी सर्वांच्या कातडीखाली जिवंत कर्कपेशी सोडतात. मग ठरावीक दिवसांनी गाठीची लांबी-रुंदी मोजून नोंद केली जाते. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे सांगितलेले नसते. कारण मनातील इच्छा नकळत मापात उतरू शकते.

एवढ्यावर परीक्षा संपत नाही. लस आधी आणि गाठ नंतर, ही सोपी परीक्षा झाली. रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा गाठ आधीच असते. म्हणून गाठ वाढल्यानंतर लस देऊन पाहणे, ही अवघड परीक्षा घ्यावी लागते. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या कित्येक लसी दुसरीत नापास होतात. तिसरी परीक्षा निर्धोकपणाची. चेतविलेले रक्षक स्वतःच्याच निरोगी पेशींवर तुटून पडत नाहीत ना, हे पाहावे लागते. कातडीच्या कर्करोगावरील काही प्रयोगांत काळ्या उंदरांचे केस पांढरे पडल्याचे आढळले. रक्षकांनी कर्कपेशींबरोबर केसांना रंग देणाऱ्या निरोगी पेशीही मारल्या होत्या.

इतकी काळजी घेऊनही उंदराची साक्ष हा अंतिम निकाल नव्हे, हे विसरता येत नाही. १९९३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कर्कपेशींतच एक असा जीन घातला, की त्या पेशी रक्षकांना बोलावणारे द्रव्य निर्माण करू लागल्या. किरणांनी निष्क्रिय केलेल्या या पेशी टोचल्यावर उंदीर कर्करोगापासून उत्तम प्रकारे बचावले. त्याच तत्त्वावर पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी लस तयार झाली. पण मोठ्या चाचण्यांत रुग्णांना तिचा लाभ दिसेना. २००८ साली त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. उंदरातील गाठ दोन-तीन आठवड्यांची असते, माणसातील गाठ कित्येक वर्षे मुरलेली असते. या काळात ती रक्षकांना निष्प्रभ करण्याच्या अनेक युक्त्या शिकलेली असते.

तथापि अपयशाच्या जोडीला यशही आले. १९७३ साली अमेरिकेत राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरलेल्या पेशी आढळल्या. या डेंड्रिटिक पेशी शत्रूची खूण उचलून इतर रक्षकांना दाखवितात. जणू त्या रक्षकांच्या शिक्षिकाच होत. रुग्णाच्या रक्तातील अशा पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाची खूण शिकवून, पुन्हा त्याच्याच शरीरात सोडण्याची पद्धत यातून निघाली. २०१० साली अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगावर अशा उपचारास मान्यता मिळाली. त्याने रोग समूळ जात नाही. रुग्णांचे आयुष्य सरासरी सुमारे चार महिन्यांनी वाढते. स्टाइनमन यांना २०११ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पण त्याच्या तीनच दिवस आधी कर्करोगानेच त्यांचे निधन झाले होते.

लसीच्याच जातीचा, पण तिच्याहून एक पाऊल पुढचा उपचार आज महाराष्ट्रात तयार झाला आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टर यांनी मिळून तो सिद्ध केला. त्यात रक्षकांना शत्रूची खूण शिकण्याची वाट पाहावी लागत नाही. रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांत नवा जीन घालून, शत्रूची ओळख त्यांच्यावर जणू कोरूनच दिली जाते. या पेशींची परीक्षाही आधी उंदरांवरच झाली. त्यासाठी ज्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती नाहीशी केलेली आहे असे उंदीर घेतले, म्हणजे त्यांच्यात माणसाच्या कर्कपेशी वाढू शकतात. नंतर रुग्णांवर चाचण्या झाल्या. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. तो प्रत्येकालाच बरे करील असे नाही. पण इतर उपाय थकलेल्या कित्येकांना त्याने नवी आशा दिली आहे.

या सर्व कथेत एक प्रश्न मनाला टोचल्यावाचून राहत नाही. माणसाच्या सुखासाठी मुक्या जिवांना दुःख द्यावे काय? हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळणे बरे नव्हे. अशा प्रयोगांत उंदरांचे प्राण जातात, हे लपविता येत नाही. म्हणूनच भारताने १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि त्यात प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद केली. रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन नियम सांगितले: प्राण्यांवाचून काम भागत असेल तर तो मार्ग धरावा, भागत नसेल तर कमीत कमी प्राणी वापरावेत, आणि वापरले त्यांना कमीत कमी वेदना व्हाव्यात. प्रयोग नीट न आखता केला, तर त्या प्राण्याचा जीव फुकट गेला असे होते. म्हणून काळजीपूर्वक प्रयोग करणे हे त्या जिवाविषयीचेही कर्तव्य आहे.

गुरुकुंजातील त्या मौनाच्या घटकेत अनेकांच्या डोळ्यांपुढे आपले गेलेले माणूस उभे राहत असेल. कुणी एखादा त्यांना एका पुडीत किंवा एका मंत्रात रोग घालविण्याचे वचनही देत असेल. अशा वेळी एवढेच विचारावे: याची परीक्षा कोठे झाली? तुलनेला दुसरा गट होता काय? अपयश आले तेव्हा ते उघड सांगितले काय? शास्त्रज्ञांनी शंभर वर्षे स्वतःला हेच प्रश्न विचारले. म्हणून त्यांची चाल संथ वाटते, पण त्यांनी टाकलेले पाऊल सहसा वाया जात नाही. परळच्या प्रयोगशाळेतील पिंजऱ्यांपासून आजच्या रुग्णाच्या खाटेपर्यंत ही वाट अशीच आली आहे. ती अजून पुरी झालेली नाही. ती पुढे नेणारे आज वऱ्हाडातल्याही एखाद्या शाळेत, एखाद्या बाकावर बसलेले असतील.